स्कीवरचं पापलेट

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर काय मांडायचं ते माझी नोकरी ठरवते. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स बघतो, त्यामुळे पाने, पक्कड, कानस आणि एक म्हातारा हातोडा ही मंडळी पुढच्या रांगेत. त्यांच्या मागे बायकोचा फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास, कारण ती शाळेत गणित शिकवते. गेल्या दसऱ्याला मला आणखी एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की बायको हातातलं काम खाली ठेवते. सवयच लागलीय तिला.

"अगं, तुझ्या स्की पण पूजेला ठेवू या. त्याही हत्यारच की."

बोईसरमध्ये स्की काय करतायत, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने तर त्या घरी आल्या त्याच दिवशी विचारलं होतं, "साब, ये इतनी लंबी पंखे की पत्ती कौन सी कंपनी की है?" मी त्याला बर्फावरून घसरायचं सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि गेट उघडलं.

तर झालं होतं असं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर आम्ही दोघं हिमाचलात स्कीइंगच्या पहिल्या कोर्सला गेलो. हट्ट माझा. ती नको म्हणत होती. गुडघे दुखतात, शाळा आहे, घरी कुलूप लावून जायचं म्हणजे... अशी तिची कारणं. मी म्हटलं, "अगं, तू नुसती बघत बस, मी शिकतो." पहिल्या दिवशी बूट स्कीमध्ये अडकवायच्या आधीच मी पडलो. अडकवल्यावर पडलो ते वेगळं. ही मात्र उभी राहिली. नुसती उभी नाही, जरा वाकली, गुडघे सैल सोडले आणि त्या उतारावरून अशी गेली की जणू मिरजेला नाही, तिथंच जन्मलीय. खाली पोचल्यावर ती मोठ्याने हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि ती मला हसत नव्हती, हे विशेष.

कोर्स संपताना तिथल्या शिक्षकाने आपली एक जुनी जोडी विकायला काढली होती, ती मी तिच्यासाठी घेतली. कारण दुसऱ्या पातळीच्या कोर्सला स्वतःच्या स्की आणायच्या असतात. शिवाय त्या ग्रुपची एक अट होती, पन्नाशीच्या आतलेच घेणार. आणि हिची पन्नाशी पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात भरत होती. म्हणजे येणारा फेब्रुवारी हाच तिचा फेब्रुवारी. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "पण यांची निगा राखावी लागते म्हणे घरी. मेण लावायचं, धार काढायची."

मी म्हटलं, "मी आहे ना. मी रोज सेंट्रिफ्यूजची बेअरिंगं सांभाळतो. ह्या तर नुसत्या दोन फळ्या."

हे वाक्य तिने पुढे मला किती वेळा ऐकवलं, ते तुम्हाला कळेलच.

दसऱ्याला मी गॅलरीतून स्कीची लांब बॅग आत आणली. ती मार्चमध्ये बर्फाच्या पाण्यासकट मीच मिटून ठेवली होती. तिथं तिने उन्हाळा काढला, पावसाळा काढला. एका बाजूने समुद्राचा वारा, दुसऱ्या बाजूने आमच्याच कंपन्यांचा. चेन ओढली तशी ती अर्ध्यावर अडकली. मी जोर लावला. आतून असा वास आला की उदबत्ती माघार घेईल. स्कीच्या दोन्ही कडांना जी पोलादी पट्टी असते, जिच्या धारेवर बर्फात वळता येतं, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस-पिवळी झाली होती.

बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "हळद तुम्ही आधीच लावलीत वाटतं."

तरी आम्ही पूजा केली. गंजलेल्या टोकांना झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं ठेवली. मी मनातल्या मनात स्कीची माफी मागितली आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो.

गंज काढणं माझ्या हातचं काम. पॉलिश पेपर घेतला, घासला, वरून कानस फिरवली. कडा अशा चकाकल्या की मी वॉचमनला वर बोलावून दाखवल्या. पण पुन्हा गंज चढू नये म्हणून काय करायचं? आमच्या प्लांटवर जवळच्या दांडी गावचा एक ऑपरेटर आहे. घर कोळ्याचं, भाऊ अजून होडी घेऊन जातो. समुद्राच्या हवेबद्दल त्याला नाही तर कोणाला विचारणार?

"सायेब, त्यात काय! मुशीचं तेल लावा, माशाचं. आमचा बाबा लाकडाच्या होडीला तेच लावायचा. पानी आत शिरत नाय, की किडा धरत नाय."

"अरे, पण ही होडी नाही."

"पान्यावर चालते ना?"

"बर्फावर."

"मग? बर्फ काय दगडाचा बनतो?"

दोन दिवसांनी त्याने बाटली आणून दिली. आता शहाण्या माणसाने ते तेल फार तर पोलादी कडांना लावलं असतं. पण माझ्या हातात फडकं आलं की मला थांबता येत नाही. कडांना लावलं, मग वाटलं तळालाही लावावं, मग वरच्या बाजूलाही. दोन्ही स्की गॅलरीत उभ्या करून मी समाधानाने ड्यूटीवर गेलो.

संध्याकाळी आलो तर जिन्यात मांजर. पुढच्या वळणावर दुसरं. आमच्या दारासमोर तर सभाच भरली होती. दार उघडून बायको म्हणाली, "या. पाहुणे केव्हाचे तुमची वाट बघतायत." एक बोका पाइपावरून चढून गॅलरीत पोचला होता आणि डाव्या स्कीचा तळ मनापासून चाटत होता. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचं सुकटीचा व्यवसाय सुरू केलात का असं विचारून झालं होतं. त्या शाकाहारी आहेत, त्यामुळे प्रश्नात गोडवा नव्हता.

"तुम्ही एकदा तरी कुठं बघितलंत का," बायकोने विचारलं, "की याला नक्की काय लावतात?"

आम्ही मेंटेनन्सवाले मॅन्युअल शेवटी वाचतो. मशीन बिघडल्यावर. त्या रात्री जेवताना मी मोबाइलवर पहिल्यांदा एक व्हिडिओ बघितला. त्यातल्या पोराने अगदी पहिल्या मिनिटाला सांगितलं की तळ हा प्लास्टिकचा असतो, त्याला बारीक छिद्रं असतात, त्यात इस्त्रीने मेण जिरवायचं. तेलाचा डागसुद्धा लागू द्यायचा नाही. बायको बाजूला बसून वरणभात खात होती. तिने आवाज वाढवा म्हणून खूण केली.

थिनरने तेल काढलं. वास गेला नाही, पण मांजरं तरी गेली. मग मेण. खास मेण मागवलं असतं तर आठवड्यात आलं असतं. पण घरात वीज गेल्यावर लावायच्या मेणबत्त्या होत्या, आणि मेण ते मेणच. एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, एक स्की उलटी ठेवली आणि बायकोची इस्त्री घेतली. तिच्या साड्यांची, वाफेची. इस्त्रीच्या पोटाला भोकं असतात याचा मी विचार केला नाही. तापमान कॉटनवर ठेवलं, कारण स्की काय रेशमी थोड्याच आहेत. मेणबत्ती इस्त्रीला टेकवली की थेंब पडायचे, ते इस्त्रीने पसरवत न्यायचे. छान चाललं होतं. इतकं छान की मी गुणगुणायला लागलो.

तेवढ्यात प्लांटवरून फोन. कूलिंग टॉवरचा पंप बंद पडला होता. नवा शिफ्टवाला घाबरलेला. मी एका हाताने फोन धरला, "सक्शनचा व्हॉल्व्ह बघ आधी, बंद तर नाही ना कोणी केला," असं सांगत खिडकीशी गेलो. दुसरा हात रिकामा होता. इस्त्री कुठे आहे हे मला वासाने कळलं.

उचलली तेव्हा तिच्याबरोबर तळाचा तुकडाही आला. तळहाताएवढी जागा फुगून सुटली होती. मध्यभागी तर आतला पिवळसर थर दिसत होता. बर्फाचं पाणी एकदा त्यात शिरलं की स्की आतून फुगून उकलते, हे त्या व्हिडिओवाल्या पोराने सांगितलेलं मला नेमकं तेव्हाच आठवलं.

बायको भाजी घेऊन आली. मी म्हटलं, "जरा गडबड झाली." ती टेबलापाशी आली, पिशवी खाली ठेवली आणि त्या भाजलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. तिच्या ओरडण्याचा मला मोठा अनुभव आहे. कुठे मान खाली घालायची, कुठे पाणी आणून द्यायचं, सगळं पाठ. पण ती ओरडली नाही.

"राहू दे," म्हणाली. "नाहीतरी फेब्रुवारीत दहावीची तयारी असते. आणि या वयात काय ते..."

"अगं, मी दुरुस्त करतो."

"नको. कळवून टाकते त्यांना." आणि भाजी निवडायला बसली. जणू विषय गवारीचाच होता.

खरं सांगतो, मांजरं परवडली. तिचं ते "राहू दे" नाही परवडलं. पहिल्या कोर्सहून आल्यापासून ती सकाळी गॅलरीत एका पायावर उभी राहून चहा प्यायची. गुडघ्याला ताकद येते म्हणून. शाळेत जिन्याने जायची. हे सगळं ती कोणाला सांगत नव्हती, मला तर नाहीच. पण मला दिसत होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "पुढच्या रविवारपर्यंत कळवू नकोस."

"का? दुसरी पण भाजायची राहिलीय म्हणून?"

पण कळवलं नाही तिने.

सोमवारपासून मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. म्हणजे आधी चुकीची गोष्ट केली, पण स्कीपासून लांब. स्कीचा तळ ज्या प्लास्टिकचा असतो, तसलंच प्लास्टिक आमच्या प्लांटवर पावडरच्या हॉपरला, म्हणजे मोठ्या नरसाळ्याला, आतून लावतात, माल चिकटू नये म्हणून. त्याचा भंगारातला तुकडा उचलला आणि वर्कशॉपमध्ये वितळवायला घेतला. ते बेणं वितळेचना! नुसतं मऊ झालं, काळं पडलं, धूर सोडला आणि जेलीसारखं माझ्याकडे बघत बसलं. दांडीवाला बाजूलाच होता. म्हणाला, "सायेब, यापेक्षा तेल बरं व्हतं." मी त्याला कामाला पाठवलं.

मग डोक्यात आलं की प्लास्टिकच्या टाक्या फुटल्या तर आम्ही काय करतो? गरम हवेची गन आणि पॉलिथीनची काडी. काडी वितळवत भेगेत भरत जायचं. हे तर मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून करतोय. ॲसिडच्या टाक्या सांधल्यात मी, ज्यांच्यातून थेंब गळला तर माझी नोकरी गळेल. आणि घरी बसून मेणबत्त्या घासत होतो! साहेबांना विचारून गन घरी आणली, काड्या आणल्या. फक्त यावेळी सरळ स्कीवर हात टाकला नाही. सरावाला काय घ्यावं म्हणून स्वयंपाकघरात नजर फिरवली, तर ओट्यावर पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड. सुरीने चर पडून पडून त्याची चाळण झालेली. बायको शाळेत. मी त्याचे सगळे चर भरले, पत्र्याच्या पट्टीने खरवडून सपाट केले, पॉलिश पेपर मारला, धुतला, होता तिथे ठेवून दिला.

संध्याकाळी ती मेथी चिरायला बसली. सुरी दोनदा फिरली आणि थांबली.

"हा बोर्ड कधी आणलात?"

"आणला नाही. तोच आहे. भरलाय."

तिने मेथी बाजूला सारली. बोर्ड उचलून दिव्याकडे तिरका धरला, अंगठा फिरवला. पोरांच्या वहीत उत्तर बरोबर आलं, पण पायऱ्या नाहीत, असं काही दिसलं की ती जशी बघते ना, तशी बघत होती.

"निघणार नाही हे?"

"सुरीने उचकटून बघ."

तिने खरंच उचकटून बघितलं. चांगला जोर लावून. निघालं नाही. मग तिने मेथी पुन्हा पुढे ओढली आणि चिरता चिरता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तिकडेही असंच बसेल?"

मी म्हटलं, "रविवारी बघू."

रविवारी सकाळीच बसलो. फोन तिने काढून घेतला आणि कमरेला खोचला. मी भाजलेला भाग सुरीने कापून स्वच्छ केला, कडा तिरक्या छाटल्या. ती स्की धरून बसली. गनची हवा, काडीचं टोक, एकेक रेघ. तळ काळा, काडी दुधासारखी पांढरी. सपाट करून झालं तेव्हा काळ्यावर एक पांढरा आकार उठून दिसत होता. पुढे गोल, मागे निमुळता, शेवटी शेपटीसारखं टोक.

"पापलेट," ती म्हणाली.

"काळी काडी मिळाली असती तर..."

"असू दे. तेल गेलं, निदान मासा तरी राहिला." आणि हसली. लहानच हसली, पण मी मोजून घेतलं.

मग मेण. यावेळी खरं मेण, मागवलेलं. इस्त्री मात्र आमच्या लग्नात आहेर आलेली, माळ्यावरची, जड आणि बिनभोकाची. वाफेची इस्त्री मी आधीच बाद केली होती. मेण जिरवल्यापासून ती प्रत्येक साडीवर एक तरी ठिपका सोडायची. मेण थंड झाल्यावर ते पट्टीने खरवडायचं असतं, अगदी निघेपर्यंत. आत जिरलेलं तेवढंच कामाचं. मी सुरू केलं, मागेपुढे, मागेपुढे.

"सरका," ती म्हणाली. "कणीक तिंबताय का? एकाच दिशेने ओढा." पट्टी घेतली आणि टोकापासून शेपटीपर्यंत एका लांब ओढीत मेणाची सुरळी काढली. मग दुसरी. खाली पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग. मी झाडू घेऊन उभा. माझी योग्यता तेवढीच होती आणि मला ती आवडत होती.

आता चाचणी कुठे घ्यायची? मी म्हटलं, चिंचणीच्या किनाऱ्यावर. तिने फक्त एक भुवई उचलली. वाळू आणि नवा तळ! मी विषय बदलला आणि स्की स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर ठेवून हलकेच ढकलली. हलकेच म्हणजे माझ्या अंदाजाने. ती पॅसेजमधून सुळकन गेली, दिवाणखाना ओलांडला, उघड्या दारातून बाहेर पडली आणि समोरच्या काकूंच्या चपलांच्या रॅकवर जाऊन धडकली. काकू दार उघडून बाहेर आल्या. चपलांकडे पाहिलं, स्कीकडे पाहिलं, वाकून हुंगलं.

"वास गेला वाटतं," म्हणाल्या.

आमच्या फरशीवर त्या कडांचे दोन चरे अजून आहेत. बायको पुसताना तिथं थोडा जास्त वेळ घेते.

फेब्रुवारीत मी तिला पालघरला गाडीत बसवून दिलं. बॅग बर्थखाली मावेना, तर ती वरती बांधली. मी म्हटलं, "पापलेट सुटायला लागलं तर लगेच थांबायचं. उगाच हट्ट करायचा नाही."

"तुम्ही गॅस बंद करत जा," ती म्हणाली. गाडी सुटली.

पुढचे दिवस मी प्लांटवर लक्ष देऊन काम केलं असं कोणी सांगणार नाही. तिकडे नेटवर्क येऊन जाऊन. रोज एखादा निरोप यायचा: जेवले, थंडी आहे, शिक्षक कडक आहेत. स्कीबद्दल अवाक्षर नाही. विचारायची माझी छाती होईना. मला आपलं डोळ्यांसमोर दिसायचं, डोंगराच्या मध्यावर पांढरा मासा सुटून एकटाच खाली घसरत चाललाय आणि मागून माझी बायको.

शेवटी एका दुपारी प्लांटच्या कँटीनमध्ये फोटो आला. आणि तेव्हा मला एक साधी गोष्ट कळली, जी मला आधीच कळायला हवी होती: स्कीचा तळ इतरांना दिसायचा असेल तर वरचा माणूस पडावा लागतो. ती पडली होती. बर्फात पाठीवर, दोन्ही पाय आभाळात, टोपी डोळ्यांवर, आणि तोंड उघडं. त्या हसण्याचा आवाज फोटोत येत नाही, पण मी तो एकदा ऐकलेला होता. उजव्या स्कीच्या तळावर, ओला, चकाकत, जागच्या जागी पापलेट. खाली लिहिलं होतं: "सर्वांत वरच्या उतारावरून आले. थांबताना पडले. मासा ताजा आहे. आता गॉगल सावरायचाय, नंतर बोलते. आणि हो, इथले सर म्हणतात, पुढच्या वर्षी नवशिक्यांबरोबर मदतीला या. मदतनिसांना वयाची अट नाही म्हणे."

मी फोन दांडीवाल्यापुढे धरला. त्याने हात पुसून फोन घेतला, बोटांनी फोटो मोठा केला. बायकोवरून सरकला, डोंगरावरून सरकला, नेमका माशावर थांबला.

"सायेब, ह्यो पापलेट नाय."

"म्हणजे?"

"शेपूट बगा ना. ह्यो हलवा हाय."

"अरे, हलवा काळा मासा असतो. हा पांढरा आहे."

"रंगाचं सोडा, रंग तुमी भरला. आंग हलव्याचं हाय." त्याने फोन परत दिला आणि ताटातला भात कालवायला घेतला. "पन बसलाय मात्र झ्याक. आता पावसाळ्यात काय लावनार त्याला?"

"मेण," मी म्हटलं. "जाड थर, खरवडायचा नाही, हिवाळ्यापर्यंत तसाच ठेवायचा. मॅन्युअल वाचलंय मी."

"तेल नको?"

"नको."

"थोडंसं?"